निवृत्तीनंतरची पहिली सहल: चला, दगड बघायला!

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळते, श्रीफळ मिळतं, भिंतीवरचं घड्याळ मिळतं आणि भाषणाला उभा राहिलेला प्रत्येक जण एक वाक्य हमखास म्हणतो, "आता मनसोक्त फिरा." पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहिला महिना झोपेत जातो, दुसरा बँकेच्या कामात, तिसऱ्यात नातवंडांच्या शाळेच्या वेळा पाठ होतात. मग एखाद्या दुपारी मोबाइलवर व्हिडिओ येतो: अमेरिकेतले पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा, त्यांची घरासारखी मोठी गाडी, मागे युटाच्या वाळवंटातले लालभडक दगड आणि खुर्चीवर बसून कॉफी पिणं. तुम्ही तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघता आणि म्हणता, "आपल्याकडे हे कुठलं जमायला!"

जमतं. घराएवढी गाडी लागत नाही आणि पहिल्याच फटक्यात वाळवंटही गाठावं लागत नाही. फक्त लवकर निघावं लागतं. लवकर म्हणजे सकाळी नव्हे, निवृत्तीनंतर लवकर. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी निवृत्तीच्या पैशातून हौसेने सात आसनांची गाडी घेतली. "आधी धाकटीचं लग्न, मग राजस्थान," असं ठरलं होतं. लग्न झालं, मग काकूंचं डायलिसिस सुरू झालं. गाडी अजून दारात आहे. बॅटरी उतरू नये म्हणून काका आठवड्यातून एकदा ती सुरू करतात आणि दहा मिनिटांनी बंद करतात.

आम्ही जबलपूरचे. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या यांची सगळी नोकरी गेली, एका लहानशा वर्कशॉपमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवण्यात. रिछाई हे काही पर्यटकांच्या यादीतलं नाव नाही. इथे शेड आहेत, लेथ आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. पण गाडी काढून भटकायचा विषय निघाला की या गावाला बोलायचा हक्क आहे, असं मला वाटतं. जबलपूर हे गाड्या बनवणारं शहर. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक १९५९ पासून तिथे तयार होऊ लागला आणि पुढे व्हेइकल फॅक्टरीत आला. लष्कराची ती दणकट जोंगा तुम्ही जुन्या सिनेमांत पाहिली असेल. तिच्या नावातला 'ज' म्हणजे आमचं जबलपूर. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाड्या जोडणारी माणसं साठीनंतर स्वतः गाडीत बसून कुठे जातात, हा प्रश्न आमच्याकडे घरोघरी आहे.

आमचं उत्तर असं: आधी जवळचे दगड.

दगडच का, असं तुम्ही विचाराल. देवळांना दर्शनाच्या वेळा असतात, अभयारण्याला बुकिंग लागतं, वाघ दिसेल याची खात्री नसते. दगड जागेवर असतो. मात्र तो बघायला वेळ लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा पोत दिसतो, दुपारी तो सपाट दिसतो, संध्याकाळी त्याचा रंग बदलतो. बसच्या टूरमध्ये "पंधरा मिनिटं, फोटो काढून परत या" असं सांगतात, तिथे दगड दिसतच नाही. तुमच्याकडे आता वेळ आहे आणि स्वतःची गाडी असली की योग्य वेळी तिथे असणंही तुमच्या हातात आहे.

गाडीचं घर, पण बेताचं

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. काही ठिकाणी पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वच्छतागृह असलेल्या गाड्या भाड्यानेही मिळतात. चार दिवसांसाठी कुटुंब मिळून खर्च वाटून घेणार असाल तर जरूर घ्या. पण दोघांसाठी, दर महिन्याला दोन-तीन दिवस असं फिरायचं असेल, तर घरची गाडीच बरी. मागची आसनं पाडून सपाट जागा करा, त्यावर घडीची गादी, खिडक्यांना कापडी पडदे, एक पाण्याचा कॅन, दोन घडीच्या खुर्च्या. झालं घर. गाडी कापून, छत उचलून तिचा आकार बदलायच्या भानगडीत पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाहीत आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी ते अंगाशी येतं. काढता-घालता येईल असंच सामान ठेवा.

गाडीत रात्री झोपायचा आमचा आग्रह नाही. गाडी दुपारच्या वामकुक्षीसाठी, चहासाठी, ओले कपडे बदलण्यासाठी. रात्री धर्मशाळा, लॉज, पर्यटन महामंडळाचं मोटेल, जे परवडेल ते. कधी गाडीत झोपायची वेळ आलीच तर इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा बंद करून मुळीच झोपू नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शेगडीचंही तसंच. ती गाडीबाहेर, मोकळ्यावर.

आता एक गोष्ट, जी प्रवासवर्णनात कोणी लिहीत नाही आणि जिच्यामुळे आपल्या वयाच्या निम्म्या बायका प्रवासच टाळतात: लघवी. पाणी कमी प्यायचं म्हणजे थांबावं लागत नाही, असा हिशेब आपण लहानपणापासून करत आलो. साठीनंतर तो हिशेब महागात पडतो. दर दीड-दोन तासांनी पेट्रोल पंपावर थांबायचं, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाका. यजमानांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही मनातून खूशच होतील, फक्त बोलणार नाहीत. औषधांच्या दुकानात घडीची कमोडची खुर्ची मिळते. ती डिकीत असली आणि एक छोटा तंबू किंवा दोन जुन्या चादरी असल्या की चिंता निम्मी होते. मधुमेहाचं इन्सुलिन उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. ते थंड पिशवीत घालून स्वतःबरोबर न्या.

आणि परवाना बघा. पंचावन्न वर्षं उलटल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत कधी संपते, हे दोघांचंही तपासा. हो, दोघांचं. ज्या बाईला गाडी येते पण "हे असताना कशाला" म्हणून वीस वर्षांत चालवली नाही, तिने निघण्याआधी महिनाभर रोज सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव करावा. परक्या गावात यजमानांना चक्कर आली तर स्टिअरिंग कोण धरणार?

तोल सांभाळलेला दगड

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. आमचा पहिला दगड आमच्याच शहरात, मदन महालच्या टेकडीवर. रिछाईहून निघायचं आणि शहर ओलांडायचं. गोंड राजांच्या काळातला मदन महाल किल्ला एका प्रचंड शिळेच्या डोक्यावर बांधलेला आहे. त्याच्या वाटेवरच बॅलन्सिंग रॉक दिसतो. एका मोठ्या खडकावर दुसरा अवाढव्य खडक असा ठेवलाय, की टेकलेली जागा अगदी थोडी आणि बाकीचा सगळा हवेत. नवखा माणूस त्याच्याखाली उभा राहायला बिचकतो.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. माणसं गेली, हजारो घरांना तडे गेले. तेव्हाचे लोक आजही रात्रीचा तो आवाज सांगतात. हा दगड मात्र हलला नाही. आमच्याकडे मुलांना दाखवायला आणलं की ही गोष्ट आधी सांगतात.

तो तिथे कोणी ठेवला नाही, वरून घरंगळतही आला नाही. तो तिथेच घडला. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात थंड होत असताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, जणू बर्फीच्या ताटात सुरी फिरवावी. मग जमिनीतलं पाणी त्या भेगांतून शिरतं. वडीचे कोपरे आधी झिजतात कारण तिथे पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं. लाखो वर्षांनी चौकोनी वडीचा लाडू होतो, भोवती भुसभुशीत माती उरते. पावसाने माती वाहून गेली की लाडू एकमेकांवर रचल्यासारखे उघडे पडतात. हंपीच्या टेकड्या याच पद्धतीच्या. महाबलीपुरमला उतारावर बसलेला कृष्णाचा लोण्याचा गोळा हाही ग्रॅनाइटच. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री उद्यानातले दगडांचे ढीगही याच रीतीने झाले.

व्हिडिओतला युटाचा दगड मात्र वेगळ्या घरचा. तिथल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानातही एक बॅलन्स्ड रॉक आहे, पायथ्यापासून १२८ फूट उंच. तो वालुकाश्म. वरचा कठीण, खालचा थर मऊ, त्यामुळे खालचा आधी झिजतो आणि वरचा मानेवर डोकं ठेवल्यासारखा राहतो. त्याच्या शेजारी त्याचंच लहान भावंड होतं, ते १९७५-७६ च्या हिवाळ्यात कोसळलं. २००८ मध्ये त्याच उद्यानातली एक मोठी कमान एका रात्रीत पडली. मुलांकडे अमेरिकेला जाणार असाल तर जरूर बघून या, पण जाण्याआधी मदन महालचा बघितलेला असू द्या. तिथे उभं राहून नातवाला "आमच्याकडचा याहून वेगळा कसा" हे सांगता आलं पाहिजे.

एक विनंती. आमच्या दगडांवर लोक खडूने, रंगाने, कधी छिन्नीनेही नावं लिहितात. कोणी तुमच्यासमोर तसं करताना दिसलं तर आपल्या पांढऱ्या केसांचा उपयोग करा. तरुण पोरं आजी-आजोबांचं एवढं ऐकतात.

संगमरवराची भिंत, नावाड्याची जीभ

भेडाघाट बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि बहुतेकांनी चुकीच्या वेळी पाहिलेला असतो. दुपारी बारा वाजता, मे महिन्यात, रांगेत उभं राहून. रिछाईपासून तो तीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून आम्हाला निवड करता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात नौका बंद असतात आणि धुवांधार धबधबाही गंमत करतो. नर्मदेला मोठं पाणी आलं की खालची पातळी इतकी चढते की धबधबा दिसतच नाही, नुसती गढूळ सपाट नदी. "धबधबा कुठाय?" म्हणून लोक आम्हालाच विचारतात.

पंचवटी घाटावरून नाव निघते. दोन्ही बाजूंना उभे कडे, पांढरे, पिवळसर, मध्येच काळपट-हिरव्या रेघा. हा डोलोमाइटी संगमरवर दीडशे कोटी वर्षांहून जुना. एका जागी कडे इतके जवळ येतात की तिला 'बंदर कूदनी' म्हणतात. पूर्वी माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारत म्हणे. 'जिस देश में गंगा बहती है' हा १९६० चा सिनेमा इथे चित्रित झाला, हे नावाडी तुम्हाला सांगणारच. ऐकण्यासारखे तर नावाडीच. यमक जुळवत, टोमणे मारत, नव्या जोडप्याला चिडवत ते प्रत्येक दगडाला एक गोष्ट चिकटवतात. भूगर्भशास्त्र त्यात औषधालाही नसतं, पण हसून पोट दुखतं. मला विचाराल तर दोन फेऱ्या करा. एक ऐकण्यासाठी आणि दुसरी भल्या सकाळी, नावाड्याला आधीच सांगून, गप्प बसून बघण्यासाठी. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. "काही होत नाही काकी," असं म्हणतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

पौर्णिमेच्या रात्री या कड्यांचं जे होतं, ते कॅमेऱ्यात येत नाही. शरद पौर्णिमेच्या सुमारास इथे नर्मदा महोत्सव भरतो. तेव्हा गर्दी फार असते. आपल्यासारख्यांनी त्याच्या पुढची पौर्णिमा धरावी. पर्यटन महामंडळाचं मोटेल मार्बल रॉक्स तिथेच आहे. रात्री परत गाडी हाकायची गरज नाही.

गुडघ्यांसाठी सूचना: घाटाला पायऱ्या आहेत आणि वरच्या चौसष्ट योगिनी मंदिराला शंभराहून जास्त. चढताना दम लागतो, पण गुडघा उतरताना दुखतो. म्हणून काठी वर जाताना नको वाटली तरी न्या. दहाव्या शतकातलं हे कलचुरींचं मंदिर गोलाकार आहे, ओवऱ्यांत योगिनींच्या भंगलेल्या मूर्ती आणि मधोमध गौरी-शंकर. नाव चौसष्टचं असलं तरी ओवऱ्यांतली देवस्थानं ८१ आहेत. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना मोजायला लावा, तेवढा वेळ तुम्हाला बसायला मिळेल. दोघांपैकी एकालाच चढणं शक्य असेल तर दुसऱ्याने खाली मूर्तिकारांच्या दुकानांसमोर बसावं. इथला मऊ दगड ते पटाशीने असा सोलतात, जसा आपण दुधी सोलतो.

कारखान्यामागचा डायनासोर

आमच्या यांना सगळ्यात आवडते ती जागा दिसायला अगदी साधी आहे. गन कॅरेज फॅक्टरीच्या बाजूची बडा सिमला टेकडी. १८२८ साली कॅप्टन स्लीमनला, म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन, इथे काही दगड झालेली हाडं मिळाली. 'डायनासोर' हा शब्दच त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४२ मध्ये जन्माला आला. त्या हाडांवरून १८७७ साली रिचर्ड लिडेकरने त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. पुढे ते हाड हरवलं. कुठे ठेवलंय कोणालाच माहीत नाही, असं अनेक वर्षं चाललं आणि २०१२ मध्ये ते कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा मिळालं. "आपल्या स्टोअर रूमसारखंच," असं हे म्हणतात.

ज्या थरात ही हाडं मिळाली त्याला जगभर लमेटा म्हणतात, नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. डायनासोरच्या अंड्यांचे अवशेषही या थरांत मिळाले आहेत. आणि या थराच्या वर काय आहे माहीत आहे? आपला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला, ज्याचा सह्याद्री झाला, ज्यात अजिंठा-वेरूळ कोरलं, त्याची चादर इथवर आली आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात आम्ही होतो आणि १९५६ साली राज्यं वेगळी झाली. दगडाच्या हिशेबाने बघाल तर आम्ही अजून एकाच घरात आहोत.

टेकडीचा परिसर संरक्षण खात्याच्या वसाहतीला लागून आहे. फलक वाचा, जिथे फोटोला मनाई आहे तिथे मोबाइल खिशात ठेवा. लमेटा घाटावर तसं काही नाही. तिथे पाण्याकाठी खुर्च्या टाकून थर वाचत बसता येतं.

दोघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे

चाळीस वर्षं संसार झाला असला तरी दिवसाचे दहा तास एका गाडीत बसायची सवय कोणालाच नसते. नोकरीमुळे आपण एकमेकांना सकाळ-संध्याकाळच भेटलेलो असतो. घराजवळच्या सहलीतून ही परीक्षाही होऊन जाते. यांना प्रत्येक दगडाला हात लावून बघायचा असतो. मला एका जागी बसून बघायचं असतं. एकाला गाणी हवीत, दुसऱ्याला शांतता. रस्ता विचारायला काच कोण खाली करणार, यावरून आमच्याकडे अजून वाद होतो. भेडाघाटवरून परत येताना भांडण झालं तर तासाभरात घरी पोहोचता, जैसलमेरच्या वाटेवर तसं होत नाही.

जबलपूरचं एक जोडपं मी नेहमी आठवते. चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड हे इथल्या कला निकेतनमध्ये शिकवत. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेच्या परिक्रमेला तुकड्या-तुकड्यांनी चालत निघाले. सुट्टी मिळाली की निघायचं, संपली की परत, पुढच्या वेळी तिथूनच पुढे. पंचवीस वर्षांनी, २००२ मध्ये, पंचाहत्तरीला आलेले वेगड पुन्हा निघाले, या वेळी पत्नी कांताबेन यांना घेऊन. चित्रं, कोलाज आणि नर्मदेवरची पुस्तकं असा मोठा ठेवा ठेवून ते २०१८ मध्ये गेले. त्यांनी गाडी वापरली नाही, पण तुकड्या-तुकड्यांनी जायची त्यांची युक्ती आपल्याला उचलण्यासारखी आहे. महाराष्ट्रातून तर कितीतरी निवृत्त जोडपी आता वाहनाने परिक्रमा करतात. त्यांच्या गाड्या आम्हाला ग्वारीघाटावर दिसतात, मागच्या काचेवर 'नर्मदे हर' लिहिलेलं आणि वर वाळत टाकलेला पंचा.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर जबलपूरची वाट कशाला बघता? निघोजला कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत, एका दिवसात जाऊन याल. मुंबईच्या अंधेरीत इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभा आहे, लाव्हाच्या उभ्या खांबांचा, सुमारे दोनशे फूट उंच. त्याच्या पायथ्याने रोज बसने गेलेली किती माणसं वर मान करून बघतात?

मग लांबची वाट

दोन-तीन छोट्या सहली नीट पार पडल्या की मुक्कामी सहल करा. आम्ही कुंडमच्या रस्त्याने घुघवाला जातो, दिंडोरी जिल्ह्यात, जवळपास शंभर किलोमीटर. १९८३ मध्ये हे जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान झालं. मंडल्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी सत्तरच्या दशकात हे दगड ओळखले. शेतात पडलेले दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडाची झाडं होती. खोडावरच्या रेषा, बुंध्याचा घेर, सगळं लाकडाचं आणि हाताला लागतो दगड. निलगिरीच्या जातीचं झाडही त्यात आहे, जे आज मूळचं ऑस्ट्रेलियाकडचं मानतात. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूखंडाचे तुकडे होते, हे शाळेत पाठ केलेलं इथे एकदम खरं वाटतं. उद्यानात सपाट पायवाटा आहेत, गुडघ्याला त्रास नाही. जेवण मात्र बरोबर न्या.

त्यानंतर वाळवंट. जबलपूरहून सागर, कोटा, अजमेर, जोधपूर करत जैसलमेर, बाराशे किलोमीटरच्या आसपास. आमचा नियम असा की दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि दुपारी चारला मुक्काम गाठायचा. अंधारात गाडी चालवायची नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो वा नसो, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आपल्या वयाला सोसत नाहीत.

जोधपूरला मेहरानगड बघून परत फिरू नका. किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सुमारे सत्तर हेक्टरचं. किल्ला ज्या लालसर-तपकिरी खडकावर उभा आहे तो रायोलाइट, सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. या खडकाळ जागेवर विलायती बाभळीने कब्जा केला होता. २००६ पासून ती मुळापासून काढायचं काम सुरू झालं. मुळं खडकाच्या फटीत रुतलेली, म्हणून त्यासाठी खाणीत दगड फोडणारे कारागीर बोलावले. मग वाळवंटाची स्वतःची झाडं लावली आणि २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. दगडातून झाड कसं उगवतं, हे बघायला डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम.

शेवटचा मुक्काम अकाल. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला. आज जिथे नजर जाईल तिथे वाळू आणि खुरटी झुडपं, तिथे अठरा कोटी वर्षांपूर्वी जंगल होतं. त्याची दगड झालेली खोडं लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली आडवी पडली आहेत. पर्यटकांच्या बस तिथे फारशा थांबत नाहीत. घुघवा आधी पाहिलेलं असेल तर दोन्हींतला फरक तुमच्या लक्षात येईल. नसेल तर वाटेत कोणाला विचारत बसू नका, पाणी दोन बाटल्या जास्त घ्या आणि सकाळी नऊच्या आत पोहोचा. आमच्या यांनी गाडीचे टायर येत्या दिवाळीनंतर बदलायला काढले आहेत.